अपाचे असताना 'प्रचंड' कशाला?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

मंडळी, मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने एचएएलशी (सरकारी विमान कंपनी, हिंदुस्तान एरोनॉटिक्स) १५६ 'प्रचंड' या हल्ल्याच्या देशी हेलिकॉप्टरांचा करार केला. करांशिवाय ६२,७०० कोटी रुपये. त्यातली ९० लष्कराला, ६६ हवाई दलाला. चारच महिन्यांनी, जुलैत, लष्कराने अमेरिकेकडून मागवलेल्या सहा अपाचे या हल्ल्याच्या हेलिकॉप्टरांपैकी पहिली तीन दिल्लीजवळच्या हिंडन तळावर उतरली. हवाई दलाकडे २२ अपाचे आधीपासून आहेतच.

माझं मत सरळ सांगतो. अपाचे साडेतीन दशकांपासून लढाया बघत आलंय. सोळा हेलफायर क्षेपणास्त्रं, ३० मिमीची तोफ, पंख्याच्या वर बसवलेलं लाँगबो रडार. प्रचंडकडे २० मिमीची तोफ, ७० मिमीची रॉकेटं आणि हवेतून हवेत मारायची मिस्ट्राल क्षेपणास्त्रं. कागदावर दोन्ही शेजारी ठेवली तर निवड करायला मिनिटसुद्धा लागत नाही. मग एवढी मोठी रक्कम अपाचेवरच का घालू नये? देशी माल घ्यावा हे मलाही मनापासून वाटतं, पण आत दोन पोरं बसणार आहेत. तिथे निकष एकच, कोणतं यंत्र त्यांना काम करून परत आणतं.

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती. 'बाहेरचं ते सगळं भारी' आणि 'आपलं ते सगळं भारी' हे दोन्ही सूर या धाग्यावर नकोत.

चोपडा_एसटी

जागा धरून ठेवतोय. धुळ्याचे आबा आले की खरा धागा सुरू होईल.

सातपुड्याचा

याचं उत्तर १९९९ मध्ये आहे. कारगिलला शत्रू बसला होता पाच-साडेपाच हजार मीटरच्या कड्यांवर. आपल्याकडे हल्ल्यासाठी म्हणून घेतलेली एमआय-३५ होती, पण त्या उंचीवर ती कामाची नव्हती. म्हणून एमआय-१७ ला रॉकेटं लावून पाठवावं लागलं. ते मुळात माणसं आणि सामान वाहणारं, अंगाने मोठं, वेगाने बेताचं. २८ मे १९९९ ला तोलोलिंगवर त्यातलं एक खांद्यावरून सोडलेल्या स्टिंगर क्षेपणास्त्राने पाडलं. आतले चौघेही गेले. त्यानंतर हेलिकॉप्टरांना हल्ल्याच्या कामातून बाजूला काढलं आणि उरलेलं काम विमानं, तोफखाना आणि पायदळाने पार पाडलं.

प्रचंडची मागणी तिथून निघाली. २००६ मध्ये एचएएलने प्रकल्प जाहीर केला, २९ मार्च २०१० ला बंगळूरला पहिलं उड्डाण झालं, आणि ३ ऑक्टोबर २०२२ ला जोधपूरला हवाई दलात दाखल झालं. 'अपाचे असताना' हा प्रश्न कारगिलच्या वेळी विचारताच आला नसता. तेव्हा आपल्याकडे अपाचेही नव्हतं.

तापीकाठची

त्या चौघांची नावं शाळेत शिकवायला हवीत. माझ्या मुलाच्या पुस्तकात कारगिल जेमतेम दोन ओळींत उरकलंय.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

सातपुडा, इतिहास मान्य. पण २०२० मध्ये चीनशी तणाव वाढला तेव्हा अपाचे लडाखला उडत होतीच ना? फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. मग उंचीचं कारण आज किती टिकतं?

निवृत्त_फौजी_धुळे

गिरणाकाठ, प्रश्न चांगला आहे. लडाखला उडणं वेगळं. तिथे शस्त्रं आणि इंधन भरून हवेत एका जागी थांबणं, उतरणं आणि तेवढंच ओझं घेऊन परत उठणं वेगळं.

समुद्रसपाटीला एक घनमीटर हवा भरते सव्वा किलोच्या आसपास. ४८०० मीटरवर तीच पाऊण किलो. पंखा ढकलणार हवाच, तीच चाळीस टक्के कमी झाली. इंजिनही तीच हवा खातं, म्हणून ताकदही घटते. दोन्हीकडून मार बसतो. आता आकडे बघा. अपाचेचं उड्डाणाचं कमाल वजन १०.४ टन, दोन इंजिनं प्रत्येकी साधारण २००० अश्वशक्तीची. प्रचंडचं कमाल वजन ५.८ टन, दोन शक्ती इंजिनं प्रत्येकी साधारण १४०० अश्वशक्तीची. भागाकार करा. अपाचेला टनामागे ३८५ च्या जवळपास, प्रचंडला ४८० च्या वर. शिवाय अपाचेच्या पंख्याचा व्यास साडेचौदा मीटर आणि प्रचंडचा तेरा. वजन जवळजवळ निम्मं, पंख्याचं वर्तुळ मात्र थोडंसंच लहान. पर्वतावर हाच फरक कामाला येतो. ५००० मीटरवर शस्त्रं आणि इंधनासह उतरून परत उठणं, ही अट धरूनच प्रचंड बांधलंय, आणि २०१५ मध्ये सियाचीनला ४८०० मीटरवर ते उतरवूनही दाखवलं.

मी आयुष्य चीता हेलिकॉप्टरवर काढलं, जमिनीवरचा माणूस म्हणून. वरच्या चौक्यांना जाणाऱ्या प्रत्येक फेरीचं सामान आम्ही तोलून चढवायचो. रॉकेलचा एक जेरीकॅन जास्त झाला तरी साहेब उतरवायला लावायचे. वर पोचलं की इंजिन बंद करायचं नाही, कारण त्या थंडीत परत सुरू झालं नाही तर हेलिकॉप्टर तिथेच अडकलं. पंखा फिरता ठेवूनच पोती खाली ढकलायची, टपालाची थैली आणि एखादा आजारी जवान आत घ्यायचा, की लगेच उड्डाण. पायलट पूर्ण वेळ एका डोळ्याने तापमानाच्या काट्याकडे बघत असायचा.

त्या चीताची कथाही सांगण्यासारखी आहे. साठच्या दशकाच्या शेवटी आपल्या फौजांना हिमालयासाठी यंत्र हवं होतं, तेव्हा फ्रेंचांनी अलूएट-२ चा सांगाडा मजबूत केला, त्यावर अलूएट-३ चं इंजिन आणि पंखा चढवला, आणि लामा तयार झालं. १९६९ मध्ये पहिलं उड्डाण. २१ जून १९७२ ला त्याच लामाने १२,४४२ मीटर उंची गाठून विक्रम केला. तेच एचएएलने इथे चीता म्हणून बनवलं. आपल्या डोंगरांसाठी वेगळं यंत्र लागतं, हे आपल्याला पन्नास वर्षांपासून माहीत आहे.

पांझराकाठ_साक्री

आबा, भारी लिखं. आखो लिखा, आम्ही वाची राहिनूत.

तापीकाठची

आबा, मला असं समजलं: घट्ट दह्यात रवीला ओढ लागते, पातळ ताकात ती नुसती गरगरते. बरोबर का?

निवृत्त_फौजी_धुळे

ताई, अगदी तेच.

आणि विरळ हवेसाठी सियाचीनलाच जावं लागतं असंही नाही. हवा तापली तरी विरळ होते. भुसावळ समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर आहे. मे महिन्यात दुपारी ४६ अंश झाले की तिथली हवा हेलिकॉप्टरला साधारण १४०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी भासते, म्हणजे तोरणमाळच्याही वरची. म्हणून राजस्थानात उन्हाळ्यात चाचणी घेणं लेहच्या चाचणीइतकंच महत्त्वाचं असतं. प्रचंडच्या दोन्ही झाल्या, फेब्रुवारी २०१५ मध्ये लेहला थंडीतली आणि जूनमध्ये जोधपूरला उन्हातली.

भुसावळ_जंक्शन

म्हणजे आम्ही दर मे महिन्यात तोरणमाळला असतो आणि आम्हालाच पत्ता नाही! पुढची उन्हाळी चाचणी प्लॅटफॉर्म नंबर तीनवर घ्या म्हणावं, दुपारी दोनला. पाणी आम्ही पाजू.

केळीवाला_सावदा

अवांतर होईल, पण हेलिकॉप्टरच्या पंख्याखालची हवा काय करते हे मी जवळून पाहिलंय म्हणून लिहितो. निवडणुकीत आमच्या बागेला लागून असलेल्या पडीक शेतात हेलिपॅड केला होता. आदल्या संध्याकाळी टँकरने पाणी मारून माती बसवली, चुन्याने गोल आखून मध्ये एच काढला, कोपऱ्यात धुराचा डबा ठेवला. हेलिकॉप्टर लहानच होतं, चार-पाच माणसांचं. उतरताना ओल्या जागेपुरती माती बसून राहिली, पण पलीकडची कोरडी सगळी उठली. बांधाकडच्या दोन ओळींतल्या केळीची पानं कडेपासून शिरेपर्यंत फाटून पट्ट्या झाल्या. नुकतीच निसवलेली काही खोडं घडासकट आडवी. भरपाईचं विचारायला गेलो तर ज्याने त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

मला कळत नाही ते हे, की एवढुशा हेलिकॉप्टरने ही गत, तर पावणेसहा टनाचं वाळवंटात उतरतं तेव्हा पायलटला खालची जमीन दिसते तरी का? आणि ती वाळू इंजिनात जात नाही?

निवृत्त_फौजी_धुळे

भाऊ, नुकसान वाईट झालं. निसवलेलं खोड पडलं की वर्षभराची मेहनत गेली.

प्रश्नाचं उत्तर: शेवटच्या काही मीटरांत जमीन खरंच दिसत नाही. धुळीचा लोट खालून वर येतो आणि पायलट आंधळा होतो. वाळवंटातले कितीतरी अपघात असेच झालेत. त्यासाठी थोडा पुढचा वेग राखून उतरतात, म्हणजे लोट मागे राहतो. चाकं असतील तर ते सोपं जातं, आणि प्रचंडला चाकं आहेत. वाळू इंजिनात जातेच. कॉम्प्रेसरची पाती घासून निघतात, म्हणून हवा आत जाते तिथे गाळणीची सोय असते आणि जमिनीवरच्या लोकांचं धुण्या-पुसण्याचं काम दुप्पट होतं.

अमळनेर_ते_बंगळूर

मी विमान क्षेत्रात डिझाइनचं काम करते, या प्रकल्पाशी माझा संबंध नाही. सांगाड्याबद्दल लिहिते, कारण त्यावर अजून कुणी बोललं नाही.

प्रचंड शून्यातून काढलेलं नाही. एचएएलच्याच ध्रुव हेलिकॉप्टरचं इंजिन, गिअरबॉक्स, बिजागऱ्या नसलेला चार पात्यांचा पंखा, शेपटीचा पंखा, हे सगळं तसंच ठेवलं आणि बारा-चौदा माणसांची रुंद केबिन काढून टाकली. त्या जागी अरुंद शरीर आलं, दोघांची आसनं एकामागे एक, मागचं उंचावर. समोरून पाहिलं तर फार थोडं अंग दिसतं. ज्याच्यावर गोळ्या झाडल्या जाणार आहेत त्याला हेच हवं. अमेरिकेने व्हिएतनामच्या वेळी हेच केलं होतं. ह्युई हेलिकॉप्टरचं इंजिन आणि पंखा घेऊन बेल कंपनीने अरुंद शरीराचं कोब्रा बांधलं, सप्टेंबर १९६५ मध्ये उडवलं आणि १९६७ मध्ये ते लढाईत होतं. निव्वळ हल्ल्यासाठी बांधून रणांगणात उतरवलेलं ते पहिलं हेलिकॉप्टर. अपाचे त्याच्या पुढच्या पिढीचं. पहिलं उड्डाण ३० सप्टेंबर १९७५, फौजेत यायला ऐंशीचं दशक उजाडलं.

आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं दुखणं वजन. प्रचंडचा पहिला नमुना ठरल्यापेक्षा जड निघाला, आणि पुढच्या प्रत्येक नमुन्यात तो हलका करत गेले. दुसरा जून २०११ मध्ये उडाला, तिसरा नोव्हेंबर २०१४, चौथा डिसेंबर २०१५. लोक विचारतात, एवढी वर्षं कशात गेली? एका ब्रॅकेटमधून दोनशे ग्रॅम काढायचे म्हटले तर नवं गणित, नवा भाग, त्याला ताण देऊन तुटेपर्यंतची चाचणी, मग परत उड्डाण. असे शेकडो भाग. त्यात हे यंत्र पडलं तरी माणूस वाचला पाहिजे, म्हणून धक्का पिणारी चाकं आणि आसनं, गोळी लागली तरी गळणार नाहीत अशा इंधनाच्या टाक्या. हे सगळं वजन वाढवणारं. एकीकडे हलकं करा, दुसरीकडे माणूस वाचवा, या ओढाताणीत वर्षं जातात, आणि मला त्यात कुठे आळस दिसत नाही.

तोफेबद्दल एक. ती नाकाखालच्या मनोऱ्यात बसवलेली आहे आणि हेल्मेटला जोडलेली आहे. पायलट जिकडे बघेल तिकडे नळी वळते. अख्खं हेलिकॉप्टर वळवायची गरज नाही, अरुंद दरीत याचा मोठा उपयोग.

चोपडा_एसटी

हा प्रतिसाद कापून ठेवावा असा आहे.

रणधुमाळी

सगळं छान चाललंय, पण आता थोडं कडू लिहितो.

एक. २०२२ मध्ये प्रचंड दाखल झालं तेव्हा त्याला रणगाडाभेदी क्षेपणास्त्र जोडलेलं नव्हतं. हल्ल्याचं हेलिकॉप्टर आणि मुख्य हत्यारच नाही. डीआरडीओचं हेलिना हे असंच क्षेपणास्त्र सात किलोमीटरपर्यंत जातं, २०२२ मध्ये ध्रुववरून त्याच्या उंचावरच्या चाचण्याही झाल्या. मग ते प्रचंडच्या पंखाखाली पहिल्या दिवसापासून का नव्हतं?

दोन. ध्रुव आणि प्रचंडचा पंखा, गिअरबॉक्स सारखे, हे वर आलंच आहे. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव पडलं, तिघे गेले. तपासात बोट गेलं ते स्वॉशप्लेटकडे, म्हणजे फिरत्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या तबकडीकडे. ध्रुवचा सगळा ताफा महिनोन्महिने जमिनीवर राहिला. एकाच घराण्याच्या यंत्रांवर सगळी मदार ठेवली की एका भागातला दोष सगळ्यांना जमिनीवर बसवतो.

तीन, आणि हे सगळ्यात मोठं. हल्लेखोर हेलिकॉप्टरचा काळ सरत चाललाय का? २४ मार्च २००३ ला इराकमध्ये करबलाजवळ अमेरिकेची तीसेक अपाचे रात्री हल्ल्याला गेली. खालून साध्या बंदुका आणि हलक्या तोफांनी असा मारा झाला की एक पडलं, दोघे वैमानिक पकडले गेले आणि बाकीची जवळपास सगळी गोळ्या खाऊन परतली. युक्रेनमध्ये रशियाची केए-५२ ही हल्ल्याची हेलिकॉप्टरं किती पडली ते आपण पाहिलंच. डिसेंबर २०२२ मध्ये जपानने आपली अपाचे आणि कोब्रा टप्प्याटप्प्याने काढून ड्रोन आणायचं ठरवलं. आणि आपण त्यानंतर १५६ मागवतोय.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

रणधुमाळी, तिसरा मुद्दा माझ्या मूळ प्रश्नापेक्षाही मोठा आहे. आबा, अमळनेरकर, याला काय उत्तर?

सातपुड्याचा

जपानचं उदाहरण इथे बसत नाही. त्यांच्याभोवती समुद्र आहे, त्यांना पाच हजार मीटरच्या कड्यावरचा बंकर फोडायचा नाही. देश बघून यंत्र ठरतं.

निवृत्त_फौजी_धुळे

रणधुमाळींचा पहिला मुद्दा मला शंभर टक्के मान्य. क्षेपणास्त्राशिवाय हल्लेखोर हेलिकॉप्टर दाखल करणं ही उणीवच, आणि ती बोलून दाखवलीच पाहिजे. १५६ च्या करारातलं प्रत्येक यंत्र ते घेऊनच बाहेर पडलं पाहिजे, यावर मी तसूभरही मागे हटणार नाही.

दुसरा. काळजी रास्त आहे. पण जमिनीवर आणलं म्हणजे यंत्रणा झोपली असं होत नाही. दोष दिसल्यावर सगळा ताफा थांबवायला हिंमत लागते, कारण तेवढे दिवस वरच्या चौक्यांचं टपाल, रुग्ण, औषधं सगळं अडतं. मी ते दिवस पाहिलेत. पुढच्या यंत्रांत तो भाग कसा तपासला जातो, किती तासांनी बदलला जातो, यावर लक्ष ठेवणं हे आपलं काम.

तिसरा. करबलाचा धडा जगभर सगळ्यांनी गिरवला: दाट वस्तीवर, पुढची खबर नसताना, तोफखाना आणि विमानांच्या साथीशिवाय हेलिकॉप्टर घुसवायचं नाही. युक्रेनबद्दल अर्धी गोष्ट सांगितलीत. २०२२ मध्ये केए-५२ पडली हे खरं, पण २०२३ च्या उन्हाळ्यात झापोरिझ्झियाच्या आघाडीवर त्याच केए-५२ नी मागे राहून, आठ-आठ किलोमीटरवरून क्षेपणास्त्रं सोडून युक्रेनचे रणगाडे रोखले. खालच्या खांद्यावरच्या क्षेपणास्त्राचा पल्ला त्याहून कमी. यंत्र तेच, वापर बदलला. म्हणून परत पहिल्या मुद्द्यावर येतो: लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र नसेल तर प्रचंडला जवळ जावं लागेल, आणि जवळ जाण्याचे दिवस संपलेत.

ड्रोनचं म्हणाल तर डोंगरात जोराचा वारा, बर्फ आणि विरळ हवा त्यांनाही सतावते. लहान ड्रोनच्या बॅटऱ्या थंडीत लवकर दम तोडतात. दोन्ही लागतील. ड्रोनने बघायचं, हेलिकॉप्टरने दरीआड राहून मारायचं.

रणधुमाळी

पल्ल्याचं पटलं. ड्रोनबद्दल मी अजूनही साशंक आहे. दहा वर्षांत बॅटऱ्या आजच्या राहणार नाहीत, आणि ही हेलिकॉप्टरं तीस-चाळीस वर्षं वापरायची आहेत.

वरणगाव_वसाहत

आमच्या आख्ख्या घराचं पोट दारूगोळ्याच्या कारखान्यावर भरलं, म्हणून आपल्या खान्देशातलं थोडं. वरणगावला १९६४ पासून बंदुकांच्या गोळ्या तयार होतात, ५.५६ आणि ७.६२ मिमीच्या. भुसावळचा कारखाना त्याही आधीचा, १९४९ चा, दारूगोळ्याच्या पेट्या आणि पिनाका या देशी तोफखान्याच्या रॉकेटांचे पॉड (ती भरायचे पेटारे) करणारा. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या, तेव्हा वरणगाव 'म्युनिशन्स इंडिया'कडे गेलं आणि भुसावळ 'यंत्र इंडिया'कडे. एकमेकांपासून काही किलोमीटरवरचे दोन कारखाने, दोन वेगळे मालक.

गोळीच्या कामात चूक चालत नाही. पितळी टोपीचं माप, दारूचं वजन, सगळं लॉटमागून लॉट तपासलं जातं, नमुन्याच्या गोळ्या झाडून बघतात, एक लॉट नापास झाला की वसाहतीत रात्री जेवताना त्याचीच चर्चा. प्रचंडचा धागा वाचताना हे आठवलं, कारण हेलिकॉप्टर बंगळूरला बनलं तरी लढाई चालू राहते ती अशा ठिकाणांमुळे. आपल्या पोरांना हे माहीतच नसतं. जळगाव म्हटलं की केळी आणि सोनं, बस.

एमआयडीसी_जळगाव

वरणगाव, मनातलं बोललात. माझं लहानसं मशीन शॉप आहे, पाइप आणि दालमिलच्या यंत्रांचे भाग करतो. या करारात अडीचशेहून जास्त देशी कंपन्या लागतील, त्यातल्या बहुतेक लघुउद्योग, आणि ६५ टक्क्यांहून जास्त भाग देशी असतील, असं सरकारनेच सांगितलंय. आमच्या भागातून कोणी त्यात शिरू शकेल का?

अमळनेर_ते_बंगळूर

शिरू शकेल, पण रस्ता लांब आहे. एएस ९१०० हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र लागतं. प्रत्येक भागाचा धातू कोणत्या वितळणीतून आला, कोणत्या मशीनवर, कोणी, कोणत्या तारखेला कापला, याची नोंद वर्षानुवर्षं ठेवावी लागते. मापं मायक्रोनमध्ये. थेट एचएएलकडे जाण्यापेक्षा त्यांना भाग पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीचं जॉबवर्क आधी घ्यावं, साध्या भागांपासून. नाशिकला ओझरच्या आसपास अशी कामं करणारे आहेत, त्यांच्याकडे जाऊन दुकान बघून यावं. सुरुवातीला पैसा कमी सुटतो, पण एकदा नाव लागलं की काम वर्षानुवर्षं चालतं.

एमआयडीसी_जळगाव

मनापासून आभार. पुढच्याच आठवड्यात ओझर गाठतो.

पारोळ्याची_आई

मला तांत्रिक काही कळत नाही, पण सगळा धागा वाचला. माझी मुलगी नववीत आहे आणि हेलिकॉप्टर पायलटच व्हायचं म्हणते. घरात सगळे म्हणतात, हे मुलींचं काम नाही. काय करावं?

निवृत्त_फौजी_धुळे

बाई, घरच्यांना हे दाखवा. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ हेलिकॉप्टर वैमानिक झाल्या. त्यांना विंग्ज मिळाले ते नाशिकला, गांधीनगरच्या कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये. आपल्या पारोळ्याहून चार-पाच तासांचा रस्ता. नाशिकरोडला उतरलात तर वर घिरट्या घालणारी चीता दिसतील, तिला एकदा नेऊन दाखवा.

मार्ग असा: बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घ्यायचं. एनडीए, म्हणजे पुण्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, मुलींना खुली झाली आहे, पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेरही पडली. पदवीनंतर जायचं तर हवाई दलासाठी एएफकॅट ही परीक्षा, लष्करासाठी सीडीएस. आत्तापासून रोज पळायला लावा, इंग्रजी बोलायची भीती घालवा, दातांची आणि डोळ्यांची काळजी घ्या. चष्मा लागला तर वैमानिकाची वाट अरुंद होते, म्हणून मोबाइल रात्री हातात देऊ नका.

तापीकाठची

पारोळ्याच्या ताई, नाशिकला मुलींसाठी सरकारी सैनिकी सेवापूर्व संस्थाही सुरू झाली आहे, दहावीनंतर प्रवेश परीक्षा असते. वर्तमानपत्रात जाहिरात येते, लक्ष ठेवा.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

मंडळी, मूळ प्रश्नाकडे येतो. पैशाचा हिशोब कोणी केला नाही म्हणून मीच केला. लष्कराची सहा अपाचे सुमारे ८० कोटी डॉलरला पडली, म्हणजे एकामागे तेराएक कोटी डॉलर, रुपयांत हजार कोटींच्या आसपास. प्रचंड एकामागे चारशे कोटींच्या थोडं वर. दोन्हींत प्रशिक्षण, सुटे भाग वगैरे वेगवेगळं धरलेलं असणार, तरी फरक दुपटीहून जास्त राहतो. म्हणजे १५६ प्रचंडच्या पैशात साठ-सत्तर अपाचे. सीमा एवढी लांब असताना संख्येलाही किंमत आहे.

उंचीचं गणित आबांनी समजावलं, ते मला पूर्ण पटलं. पंजाब-राजस्थानच्या मैदानात रणगाड्यांसमोर अपाचे आणि लडाख-अरुणाचलच्या कड्यांवर प्रचंड, ही विभागणी मला योग्य वाटते. लष्कराची प्रचंडची पहिली तुकडी आसामात मिसामारीला ठेवली आहे, ती याच हिशोबाने असणार. पण क्षेपणास्त्राबद्दल मी रणधुमाळींच्या बाजूचा. ते जोडून होईपर्यंत प्रत्येक अधिवेशनात खासदारांनी हा प्रश्न विचारला पाहिजे. आपल्या जिल्ह्याच्या खासदारांना मी पत्र लिहितोय. कुणाला सही करायची असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा.

रणधुमाळी

माझी सही धरा. पत्रात पुरवठ्याची तारीखही विचारा. करारात तिसऱ्या वर्षापासून पुरवठा सुरू आणि पुढच्या पाच वर्षांत पूर्ण असं आहे. म्हणजे २०२८ च्या आसपास पहिलं यंत्र हातात यायला हवं. बंगळूरच्या जोडीला तुमकूरचा कारखाना फेब्रुवारी २०२३ पासून उभा आहे, आता जागा नाही हे कारण चालणार नाही.

वरणगाव_वसाहत

माझीही. आणि २० मिमीच्या गोळ्यांचं कामही आपल्याकडे मागा म्हणावं, वरणगावला हात आहेत.

निवृत्त_फौजी_धुळे

पत्रात आणखी एक ओळ घाला. १५६ हेलिकॉप्टरांना जमिनीवरचे तंत्रज्ञ किती लागतील, त्यांचं प्रशिक्षण कुठे आणि कधी सुरू होणार, हे विचारा. यंत्र येऊन उभं राहतं आणि हात लावायला शिकलेला माणूस नसतो, हे मी पाहिलंय. धुळे-जळगावच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन बाहेर पडणारी पोरं या कामाला फार चांगली, त्यांच्यापर्यंत भरतीची खबर पोचली पाहिजे. मसुदा तयार झाला की इथे टाका, मी वाचून देतो.